अनंतावर उभं राहून

इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पहिल्याच आठवड्यात एक वाक्य कानावर पडतं. सर फळ्यावर आडवी रेघ मारतात, तिच्या टोकांना एक्स आणि वाय अशी नावं देतात, बोटांवरचा खडू झटकतात आणि अगदी सहज म्हणतात, "निरीक्षक अनंत अंतरावर उभा आहे असं समजा." वर्ग ते निमूट लिहून घेतो. पहाटेची एसटी पकडून, पाठीवर शीटची काळी लांब नळी आणि कुठल्याच पिशवीत न मावणारा ड्राफ्टर सांभाळत आलेल्या या मुलाने पुणंसुद्धा अजून स्वारगेटच्या पलीकडे पाहिलेलं नसतं. ज्या अनंताच्या वाटेवर संतमंडळींनी उभं आयुष्य घातलं, तिथे त्याला पहिल्याच सत्रात, टर्मवर्कच्या गुणांसाठी, टोक काढलेली टूएच पेन्सिल घेऊन उभं राहायचं असतं. आणि गंमत अशी की तो राहतोही. दुपारच्या सुट्टीत डबा खायला परतही येतो.

अनंतावर जाण्याचं कारण मात्र फार व्यवहारी आहे. जवळून पाहिलं की जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं लहान. रूळ दूरवर जाऊन एकमेकांना भेटतात, रस्त्याकडेचे विजेचे खांब बुटके होत जातात. चित्रकाराला डोळ्याचा हा पक्षपात प्रिय असतो, त्याचं सगळं दुकानच त्यावर चालतं. लोखंड कापणाऱ्याला तो परवडत नाही. पन्नास मिलिमीटरची कड पुढे आहे म्हणून साठ आणि मागे आहे म्हणून चाळीस दिसू लागली, तर त्या बिचाऱ्याने करवत चालवायची कुठे? म्हणून पाहणाऱ्याला मागे मागे सरकवत इतकं दूर न्यायचं, की त्याच्या दृष्टीच्या रेषा एकमेकींना समांतर होतील. तिथून कुणालाच झुकतं माप नाही. पुढची कड आणि मागची कड, दोघी सारख्या. एवढा निःपक्षपाती माणूस पृथ्वीवर मिळणं अवघड, म्हणूनच बहुधा त्याची नेमणूक तिकडे झाली असावी.

या निरीक्षकाला एकच वस्तू तीन ठिकाणांहून पाहावी लागते. समोरून दिसतं ते एलिव्हेशन, वरून दिसतो तो प्लॅन आणि बाजूने दिसतो तो साइड व्ह्यू. इथवर सगळं सरळ आहे. मग सर सांगतात, वरून पाहिलेलं खाली काढायचं आणि डावीकडून पाहिलेलं उजवीकडे. वर्गात पहिल्यांदा चुळबुळ होते. अनंताला हरकत न घेणारी मुलं इथे मात्र दुखावली जातात. खुलासा असा, की या पद्धतीत वस्तू डोळा आणि भिंत यांच्या मधोमध लटकलेली असते आणि तिची छबी पलीकडच्या पृष्ठभागावर उमटते. वरून पाहिलं की छबी जमिनीवर पडणार. मग ती जमीन बिजागरीवर फिरवून भिंतीच्या रेषेत खाली उतरवायची. ही फर्स्ट अँगल. अमेरिकेत वस्तू काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी धरतात आणि डोळ्याच्या बाजूच्या काचेवरच ती गिरवतात, त्यामुळे वरचं वर राहतं आणि डावीकडचं डावीकडे. ती थर्ड अँगल. आपली भारतीय मानकं फर्स्ट अँगल सांगतात, पण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत अमेरिकन ऑर्डर आली की ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं, आणि कुठली पद्धत आहे ते शीटवर टोक छाटलेल्या शंकूच्या एका इवल्याशा चिन्हाने सांगितलेलं असतं. ते चिन्ह पाहायला विसरलेल्या माणसाच्या हातून कधी कधी अगदी बिनचूक मापांचा, पण आरशातला भाग तयार होतो.

कोन एकूण चार. पहिला आणि तिसरा संसाराला लागले. दुसऱ्याचं आणि चौथ्याचं कुठे जमलं नाही, कारण तिथे जमीन फिरवली की प्लॅन आणि एलिव्हेशन एकमेकांवर येऊन पडतात आणि कुठली रेघ कुणाची हेच कळेनासं होतं. परीक्षेत एखादा बिंदू त्यांच्या वाट्याला येतो, तेवढाच मान. मला त्या दोघांविषयी उगीचच माया आहे.

ही सगळी व्यवस्था ज्याने लावली तो गास्पार मोंज हा फ्रेंच माणूस. जन्म १७४६चा, बोन गावातला, साध्या व्यापाऱ्याचा मुलगा. मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत अधिकारी व्हायचं तर घराणं लागायचं. ते नसल्यामुळे हा हुशार पोरगा नकाशे काढणाऱ्यांच्या खालच्या वर्गात बसला. तिथे त्याला एक काम मिळालं. किल्ल्याच्या भिंती किती उंच आणि कुठे घ्याव्यात, म्हणजे समोरच्या टेकडीवरून शत्रूला आतलं काही दिसणार नाही आणि त्याचा मारा आत पोचणार नाही, हे काढायचं होतं. लांबलचक आकडेमोडीचं, कंटाळवाणं काम. मोंजने ते कागदावर रेषा मारून इतक्या लवकर संपवलं, की वरिष्ठांनी आधी पाहायलाच नकार दिला. एवढ्या वेळात उत्तर येणं शक्यच नाही, मग तपासायचं कशाला? अखेर पाहिलं, पटलं, आणि पटल्याबरोबर त्याचं लष्करी गुपित करून टाकलं. १७९५ साली पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये मोंजने व्याख्यानं दिली तेव्हा कुठे ही भूमिती चारचौघांत आली. वस्तू स्पष्ट दिसावी म्हणून आज जगभर शिकवलं जाणारं हे शास्त्र मुळात कुणाला काही दिसू नये म्हणून जन्माला आलं, आणि जन्मल्यावर स्वतःही तीसेक वर्षं पडद्याआड राहिलं.

पुढे मोंज नेपोलियनचा स्नेही झाला, १७९८मध्ये त्याच्याबरोबर इजिप्तला गेला, आणि नेपोलियन पडल्यावर त्याच्याबरोबर पडलाही. विद्वत्सभेतून नाव काढलं गेलं. १८१८मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या एकोल पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांना अंत्ययात्रेला जायची मनाई झाली. मुलांनी हुकूम मोडला नाही. सुट्टी मिळाली तशी ती रांगेने दफनभूमीत गेली आणि फुलं वाहून आली. ड्रॉइंग शिकवणाऱ्या मास्तरावर इतकं प्रेम कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आमच्याकडे शीटवर लाल रेघ मारणाऱ्या हाताला मुलांनी मनातल्या मनात दिलेली दूषणं मोजली तर एखादा वेगळाच इतिहास लिहावा लागेल.

या शास्त्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तुटक रेघ. दिसणाऱ्या कडेची रेघ ठसठशीत आणि अखंड. मध्याची रेघ बारीक, लांब-आखूड तुकड्यांची. आणि जी कड आहे पण इथून दिसत नाही, तिच्यासाठी तुटक रेघ. ठोकळ्याच्या पोटातलं भोक, मागच्या बाजूची खाच, आत दडलेली पायरी. चित्रकार जे दिसत नाही ते सोडून देतो, त्याचा त्याला दोष नाही. फोटोला तर मागची बाजू असल्याची खबरही नसते. पण ड्रॉइंग काढणाऱ्याला मागे काय आहे याची जबाबदारी घ्यावी लागते, आणि ती जबाबदारी हलक्या हाताने, तीन-तीन मिलिमीटरचे तुकडे करत, मधे श्वासाएवढी जागा सोडत पार पाडावी लागते. नात्यागोत्यांत अशी एखादी रेघ असती तर किती बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. समोर बसलेल्या तिरसट काकांच्या चेहऱ्यावर कुठे तरी तुटक रेघांत त्यांचं मागचं सगळं काढलेलं असतं, तर आपण चहा जरा वेगळ्या हाताने पुढे केला असता. अर्थात या रेघेलाही मर्यादा आहे. दिसणारी आणि लपलेली कड एकाच जागी आली, तर दिसणारीचीच रेघ मारायची. लपलेलीने मुकाट मागे राहायचं. हा नियम पुस्तकात अर्ध्या ओळीत उरकलेला असतो. त्याची आठवण पुढे एका म्हातारीने मला फार जोरात करून दिली.

मात्र मागे काय आहे हे मनात दिसावं लागतं, आणि तिथेच मुलांची दाणादाण उडते. आमच्या वर्गात एक सुताराच्या घरातला मुलगा होता. फळ्यावरचे दोन व्ह्यू बघून आम्ही पेन्सिली चावत असायचो तेव्हा तो मान जरा कलती करायचा आणि म्हणायचा, "सर, मागून खाच आहे. अर्ध्यापर्यंतच." कसं दिसलं विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. त्याचं अक्षर किडमिडं, शीटवर कायम बोटांचे डाग, त्यामुळे गुण बेताचे. पण ज्यांना दिसत नव्हतं त्यांच्यासाठी तो संध्याकाळी वसतिगृहात कपडे धुवायच्या साबणाच्या वड्या घेऊन बसायचा आणि पातीने कापून कापून पुस्तकातले ठोकळे घडवायचा: पायरीचा, खाचेचा, तिरक्या उताराचा. मुलं ते हातात घेऊन फिरवायची, एक डोळा मिटून वरून बघायची, बाजूने बघायची. त्या सत्रात सगळ्या वसतिगृहाचे शर्ट कोपरे छाटलेल्या, भोकं पाडलेल्या साबणांनी धुतले गेले. आठवड्याभरात प्रत्येक ठोकळा झिजून गुळगुळीत गोटा व्हायचा, कुठूनही पाहा, तिन्ही व्ह्यू सारखेच. मग नवी वडी.

त्या मुलाच्या कलत्या मानेचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. १९७१ साली रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लोकांपुढे घनांच्या वेड्यावाकड्या रचनांची चित्रं जोडीजोडीने ठेवली आणि विचारलं, या दोन्ही एकच आहेत की एक दुसरीची आरशातली बहीण? दोन चित्रांत जितका जास्त कोन, तितका उत्तराला जास्त वेळ, आणि तोही अगदी हिशोबात. माणसं मनातली वस्तू खरोखरीच फिरवत होती, सेकंदाला सुमारे साठ अंश या वेगाने. म्हणजे एखादी गोष्ट मनात पाठमोरी करायला साधारण तीन सेकंद लागतात. मला या तीन सेकंदांचं फार अप्रूप वाटतं. डोक्याच्या आतल्या काळोखात, जिथे हात नाहीत, टेबल नाही, बिजागरी नाही, तिथे एक ठोकळा संथपणे वळतो आहे आणि बाहेर त्याचा मालक टाळा पसरून फळ्याकडे बघतो आहे. सरांना वाटतं, पोरगं झोपलं.

ज्यांच्या आत काहीच वळत नसे, त्यांच्यासाठी दयाळू जगाने जीटी निर्माण केली होती. ग्लास ट्रेसिंग हे तिचं पाळण्यातलं नाव. सगळ्या महाराष्ट्राची वसतिगृहं तिला जीटी म्हणूनच ओळखतात. खिडकीची काच दोन खुर्च्यांवर ठेवायची, खाली ट्यूबलाइट, वर हुशार मुलाची पूर्ण झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी. सबमिशनच्या आदल्या रात्री त्या उजेडात डोकी झुकलेली दिसत, अत्यंत एकाग्र. त्यांत इतकं इमान असायचं की मूळ शीटवर खोडरबराने विरलेली एखादी रेघही तितकीच विरलेली उतरत असे. दुसऱ्या दिवशी सर एकापाठोपाठ एक शीट बघत जायचे, आणि त्या सगळ्यांतून एकच निरीक्षक अनंतावरून त्यांच्याकडे पाहत असायचा.

तीन व्ह्यू जुळवता जुळवता डोकं शिणलं की आयसोमेट्रिक येतं आणि बरं वाटतं, कारण त्यात वस्तू एकदम वस्तूसारखी दिसते. तीन दिशा, एकमेकींत एकशेवीस अंश, आणि कागदावर ठोकळा उभा राहतो. ही पद्धत केंब्रिजच्या विल्यम फॅरिश या प्राध्यापकाने १८२२मध्ये मांडली, तीही एका घरगुती अडचणीतून. तो यंत्रांवर व्याख्यानं द्यायचा आणि त्यासाठी यंत्रांच्या प्रतिकृती सुट्ट्या भागांतून जोडायचा. व्याख्यान झालं की यंत्र मोडायचं आणि त्याच भागांतून पुढच्या व्याख्यानाचं उभं करायचं. जोडणार कोण? मदतनीस. त्यांना प्लॅन-एलिव्हेशन वाचायला कोण शिकवणार? म्हणून त्याने असं चित्र शोधलं जे पाहताक्षणी कळेल आणि तरीही ज्यावरून माप घेता येईल. एखाद्या साहेबासाठी शोध लागल्याच्या कथा पुष्कळ आहेत. हा शोध स्टूल पुढे ओढून, चित्र बघत, चाक नेमकं कुठे बसवायचं म्हणून डोकं खाजवणाऱ्या माणसासाठी लागला.

आयसोमेट्रिकमध्ये लबाडी आहेच. काटेकोर प्रक्षेपात लांबी सुमारे ८२ टक्के दिसायला हवी, पण सोयीसाठी सगळे खरी लांबी तशीच मारतात, त्यामुळे चित्र असायला हवं त्यापेक्षा बावीसेक टक्क्यांनी मोठं होतं. या खात्यात सगळेच थोडे फुगलेले असल्याने कुणाला जाणवत नाही. आणखी एक खोडी नेकर नावाच्या स्विस स्फटिकतज्ज्ञाने १८३२मध्येच नोंदवली होती: नुसत्या कडांनी काढलेला घन बघत राहिलं की तो आपला आपण उलटतो, पुढची बाजू मागे जाते. माझ्या आजोळी ओसरीवर तसल्या फरशा होत्या, काळ्या-पांढऱ्या-तांबड्या चौकटींच्या, ज्यांतून घनांची आरास उभी राहायची. दुपारी सगळे निजले की आम्ही भावंडं त्यावर पायऱ्या समजून चढायचो. मधेच फरशी पालटायची आणि चढता चढता आम्ही खाली उतरत असायचो. मामा विचारायचे, "धावपळ कसली चाललीय?" आम्ही सांगायचो, "तिसऱ्या मजल्यावर आहोत." त्यांनी कधीही हरकत घेतली नाही. फक्त म्हणायचे, "कठड्याला धरून या."

पुस्तकात पुढे 'डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस' नावाचं प्रकरण आहे. घन वस्तूचं कातडं उलगडून सपाट कसं पसरायचं, म्हणजे पत्रा कापता येईल. ते मी शिकत होते तेव्हा आमच्या बाजारपेठेत एक चाचा पत्र्याचं काम करायचे. नरसाळी, रॉकेलची मापं, धान्याचे डबे. एक दिवस मी त्यांच्या दुकानापुढे थबकले, कारण ते माझा अभ्यासक्रमच कापत होते. खिळा, दोरी आणि दुसऱ्या टोकाला टोचणी; पत्र्यावर कंस उमटला, त्यातली एक पाकळी कात्रीने सुटी झाली, लाकडी ठोकणीवर गुंडाळली गेली आणि शंकू उभा राहिला. मी नव्या विद्येच्या भरात त्यांना सांगितलं की तळाची त्रिज्या आणि तिरकी बाजू यांचा भागाकार करून तीनशे साठने गुणलं की पाकळीचा कोन येतो. तळाचा व्यास दहा सेंटिमीटर आणि तिरकी बाजू पंधरा असेल तर बरोबर एकशेवीस अंश. चाचांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "बरोबर आहे बेटी. आणि घडीला?" घडीला म्हणजे? त्यांनी पाकळीची कड दाखवली. दोन कडा एकमेकींत अडकवून ठोकायच्या तर बोटाएवढा पत्रा जास्तीचा सोडावा लागतो. "पुस्तकातलं नरसाळं जोडत नाहीत काय?" त्यांनी खरोखरच्या कुतूहलाने विचारलं. पुस्तकातला शंकू कडेला कड नुसती टेकवून बंद होतो, तोही जाडी नसलेल्या पत्र्याचा. त्यातून रॉकेल ओतायची वेळ कुणावर येत नाही.

नोकरीत ही घडी मला पुन्हा पुन्हा भेटली. टूलरूममधले जुने फिटर नव्या इंजिनिअरचं ड्रॉइंग हातात घेत, आडवं-उभं करत आणि फार अदबीने म्हणत, "साहेब, सगळं बरोबर आहे. फक्त पाना कुठून घालू?" नट जागेवर असायचा, बोल्ट जागेवर असायचा, सहनमर्यादा मायक्रॉनमध्ये लिहिलेल्या असायच्या; तो नट आवळायला जो हात आत जाणार त्याला मात्र जागा नसायची. इतक्या रेघांच्या शास्त्रात हातासाठी रेघ नाही, याचं मला नवल वाटतं. फिटर मग खिशातून खडू काढून जमिनीवरच उकिडवे बसून चित्र काढत. ना टी-स्क्वेअर, ना मोजपट्टी. दोन तिरक्या रेघा, एक गोल, गोलाच्या मागे बोटाने पुसट केलेला भाग म्हणजे 'हे आत आहे'. साहेबाला लगेच कळायचं. दुपारी झाडूवाली मावशी येऊन ते पुसून टाकायची, आणि तोवर काम झालेलं असायचं.

आता टूलरूममध्ये खडू क्वचितच दिसतो. इव्हान सदरलंडने एमआयटीत १९६३ साली पडद्यावर प्रकाशाच्या पेनने रेघ ओढली, १९८२मध्ये ऑटोकॅड आलं, आणि नंतर तर पडद्यावर अख्खी वस्तूच उभी राहू लागली. माझी भाची पहिल्या वर्षाला आहे. ती माउस जरा सरकवते आणि गिअरबॉक्स तिच्यापुढे गिरकी घेतो, सेकंदाला साठ अंशांहून कितीतरी वेगाने, उलटासुलटा, हवा तसा. मागे काय आहे याची काळजीच उरली नाही. मागे जाऊन पाहिलं की झालं. तरी तिच्या सरांनी एक दिवस संगणक बंद करायला लावले आणि सांगितलं, घरातली एक वस्तू घ्या, हाताने तीन व्ह्यू काढा. भाची रडवेली होऊन माझ्याकडे आली. "मावशी, मला हे दिसतच नाही. ज्यांना दिसतं त्यांना जन्मतःच दिसतं."

मी तिला शेरिल सॉर्बीबद्दल सांगितलं. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकताना या बाईंना ड्रॉइंगनेच घाम फोडला होता. पुढे त्याच मिशिगन टेकमध्ये प्राध्यापक झाल्या आणि १९९३मध्ये, ज्या मुलामुलींना वस्तू मनात फिरवता येत नाहीत त्यांच्यासाठी, एक छोटा अभ्यासक्रम सुरू केला. ठोकळे हाताळायचे, वळवायचे आणि मुख्य म्हणजे हाताने काढत राहायचं. दिसू लागतं. चाचणीतले गुण वाढले, इंजिनिअरिंग अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाण घटलं, आणि मुलींना त्याचा फायदा ठळकपणे झाला. भाचीने एवढंच विचारलं, "त्यांनी काढलं काय काय?" मी म्हटलं, "ठोकळे. तू आजीची विळी काढ."

विळी ही सरळसोट वस्तू आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ती काढून पाहावी. समोरून पात्याची कमान, टोकाला खोवणीचं दातेरी वर्तुळ, खाली पाट. पण वरून पाहिलं की ते सगळं धारदार वैभव मिटून एका रेघेएवढं होतं. आई जन्मभर भाजी चिरताना याच रेघेकडे बघत आली आहे, अनंतावर न जाता, पाटावर बसून. भाचीने कच्ची रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. तासाभराने तिने विळी उचलून उलटी केली आणि म्हणाली, "मावशी, हे बघ!" पाटाच्या पोटाला तेलरंगात आजीचं नाव होतं. लग्नकार्यात विळ्या, पाट, परातींसकट शेजारी जायच्या, परत येताना गल्लत नको म्हणून कधी तरी घातलेलं. "प्लॅनमध्ये हे लपलेलं ना? मग डॉटेड काढू?"

मी तिला नियम सांगितला, लपलेलं सगळंच दाखवायचं नसतं. वस्तू बनवायला लागेल तेवढंच. तिने थोडा विचार केला. "पण नाव नसेल तर ती परत कशी येईल?" यावर माझ्याकडे कुठल्याही मानकाचा आधार नव्हता. काढायचंच असेल तर उलटं येईल, एवढं मी बजावलं. वरून पाटातून आरपार पाहिलं तर अक्षरं आरशातल्यासारखी दिसणार. मग ती जीभ बाहेर काढून, तीन-तीन मिलिमीटरच्या तुकड्यांनी, आजीचं नाव उलटं लिहीत बसली. दुसरी वेलांटी पहिली झाली. मध्येच मान कलती करून ती गप्प बसे, आणि मी मनात तीन सेकंद मोजे.

शीट पूर्ण झाल्यावर आईने चष्मा लावून ती दिव्याखाली धरली. नावाकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिने एलिव्हेशनवर बोट ठेवलं. "विळीला पाय किती?"

"चार," भाची म्हणाली.

"तू दोनच काढलेस. दोन पायांवर उभी राहील होय? बोट कापेल कुणाचं तरी."

"अगं आजी, मागचे दोन पुढच्या दोनच्या बरोबर मागे आहेत. समोरून दिसत नाहीत."

"दिसत नाहीत म्हणून काढायचे नाहीत? नाव तर काढलंस की न दिसणारं!"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी अर्ध्या ओळीतला तो नियम सांगितला, की दोन्ही रेघा एकाच जागी आल्या तर पुढचीच मारायची. आईने तो ऐकून घेतला, पण तिला तो पटला नाही. "मग निदान लिही तरी," ती म्हणाली. भाचीने पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं आणि सुबक अक्षरांत, बाण दाखवून, एलिव्हेशनखाली लिहिलं: 'मागे आणखी दोन आहेत.'